अम्माची ट्रंक: आइसलँड ते सास्काचेवान, एका शेतकरी घराण्याच्या शोधाच्या नोंदी

ज्यांच्या घरात अशी एखादी पेटी पडून आहे आणि आज ना उद्या ती उघडायची आहे, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या. जिथे चुकले ते चुकल्या जागीच लिहिलं आहे. घरातल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही. सासूबाईंची तेवढीच एक अट होती.

१४ जानेवारी २०२४

बाहेर उणे ३४. सासूबाईंच्या तळघरातून ट्रंक वर आणली. नवरा, दीर आणि मी, तिघं लागलो. लाकडी, लोखंडी पट्ट्यांची, झाकण किंचित फुगीर. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. माझी लेक त्यांना 'अम्मा' म्हणते. हे आपल्याकडून आलेलं नाही, आइसलँडच्या भाषेत आजीला अम्माच म्हणतात आणि आजोबांना आफी. लग्नानंतर माझ्या आईने मिरजेहून फोनवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं होतं, मीच शिकवलं. आता मीही त्यांना अम्माच म्हणते.

घरातली गोष्ट अशी: अम्मांचे पणजोबा-पणजी ज्वालामुखीच्या राखेने शेत गेलं म्हणून आइसलँड सोडून आले, आधी अमेरिकेत डाकोटात राहिले, मग त्यांच्या मुलाने, म्हणजे अम्मांच्या आजोबांनी, कॅनडातल्या सास्काचेवानात जमीन घेतली. एवढंच. कुणाला आइसलँडिक वाचता येत नाही. अम्मांना खाण्याच्या पदार्थांची नावं, दोन प्रार्थना आणि 'एल्स्कन' हा लाडाचा शब्द येतो.

आतल्या वस्तूंची यादी करायला साडेचार तास लागले: पत्रं ११, फोटो ६३ (मागे नाव असलेले फक्त ९), एक भजनांचं पुस्तक, लोकर पिंजायच्या दोन फण्या, आजोबांची जमाखर्चाची वही, आणि 'विनारतेर्ता' या सुकवलेल्या प्लमच्या सारणाच्या सात थरांच्या केकची कृती, एका बिलाच्या पाठीवर.

आजची चूक: यादी करण्याआधीच फोटो बाहेर काढून टेबलावर पसरले. कुठला फोटो कुठल्या पत्राबरोबर ठेवला होता, ते कायमचं गेलं. आधी पेटीचाच वरून थरावार फोटो काढत जा, मग हात लावा.

२१ जानेवारी

सगळे फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केले. रात्री मोठे करून पाहिले तर कपड्यांवरची वीण दिसेना, मागचे शिक्के फुटले. सगळे पुन्हा ६०० ला. एक अख्खा रविवार गेला.

एक फोटो बाजूला ठेवला. साधारण पंधरा वर्षांची मुलगी, खुर्चीच्या पाठीवर हात, दोन वेण्या. मागे छायाचित्रकाराचा आक्युरेरीचा शिक्का. आक्युरेरी म्हणजे आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरचं मोठं गाव. अम्मा म्हणाल्या, "ही फ्राइन्का. बाबा असंच म्हणायचे." कोण फ्राइन्का, ते माहीत नाही.

४ फेब्रुवारी

आज नुकसान केलं. घड्या पडून कडक झालेली पत्रं सपाट करायला दमट डब्याची पद्धत वापरली: मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर कागद, झाकण बंद. दहा पत्रं छान मऊ झाली. अकराव्याच्या माथ्यावरची एक ओळ जांभळी होऊन पसरली. बाकीचं पत्र शाईचं होतं, ती ओळ कॉपिंग पेन्सिलची. ती कोरडी असते तोवर साध्या शिसपेन्सिलीसारखी दिसते, ओल लागली की तिच्यातला रंग विरघळतो. ओळीत तारीख आणि गावाचं नाव होतं. सुदैवाने स्कॅन आधी झाला होता, पण तो ३०० चाच. तारीख लागते, गावाचं नाव अर्धंच.

आता नियम केला आहे: दमट डब्यात काहीही घालण्याआधी भिंगातून प्रत्येक ओळ बघायची. राखाडी, चकाकणारी अक्षरं दिसली की तो कागद तसाच ठेवायचा, घडी राहिली तर राहू दे.

११ फेब्रुवारी ते २४ मार्च

हे सहा आठवडे एकत्रच लिहिते, कारण ते सगळे वाया गेले.

ज्वालामुखीची गोष्ट मी खरी धरली. आस्क्या पर्वताचा उद्रेक मार्च १८७५ मधला. राख पडली ती देशाच्या पूर्व भागात, कुरणं झाकली गेली, मेंढरांना चारा उरला नाही, शेतं सोडावी लागली. म्हणून मी पूर्वेकडच्या चर्चच्या वह्या धरल्या. आइसलँडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या वह्यांची पानं स्कॅन करून फुकट ठेवली आहेत आणि जुन्या जनगणनाही नावानिशी शोधता येतात. दहा दिवसांत पणजोबा सापडले. नाव तेच, बापाचं नाव तेच, वय दोन वर्षांनी इकडेतिकडे. मी आनंदाने चार पिढ्या मागे गेले, तक्ता केला, रंगीत छापून अम्मांना दिला.

२४ मार्चला त्याच वहीत त्याच माणसाची मृत्यूची नोंद दिसली: १८९१, त्याच गावात. आमचे पणजोबा तोवर डाकोटात होते.

नावांचा हा घोळ मराठी माणसाला लवकर समजायला हवा होता. आपण स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं लिहितो. यातलं आडनाव काढून टाका, झालं आइसलँडिक नाव. जोनचा मुलगा जोन्सन, जोनची मुलगी जोन्सदोत्तिर. लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही, ती मरेपर्यंत जोनचीच मुलगी. आणि त्या काळी मुलांसाठी वापरात असलेली नावं थोडी. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आडनावाशिवाय एखादा 'दत्तात्रय गणपत' शोधायचा, तसं हे काम. ओळख पटते ती शेताच्या नावाने. प्रत्येक शेताला नाव असतं आणि माणूस अमुक शेतावरचा म्हणून ओळखला जातो. तेवढं हाती नसेल तर तिकडची वही उघडूच नका.

अम्मांकडून रंगीत तक्ता परत मागून घेताना फार जड गेलं. त्यांनी तो फ्रिजवर लावला होता.

७ एप्रिल

दिशा उलटी केली. आता इथून मागे जायचं, एका वेळी एकच कागद, आणि पुढचा कागद मागचा खोटा ठरवत नाही ना, ते बघून.

सगळ्यात अलीकडचा पक्का धागा म्हणजे आजोबांची जमीन. कॅनडाच्या १८७२ च्या जमीन कायद्याखाली १० डॉलर भरून १६० एकर मिळायची. तीन वर्षं राहून, घर बांधून, जमीन फोडून दाखवली की मालकीचा कागद. सास्काचेवानातल्या अशा जमिनींच्या फाइली प्रांताच्या अभिलेखागारात आहेत. नावाने शोधता येतात, पण त्या नावाचे सहा जण निघाले. जमिनीचा क्रमांक हवा. तो जमाखर्चाच्या वहीत होता.

२० एप्रिल

वहीतला क्रमांक घेऊन जागा पाहायला गेलो. रोझटाऊन आणि बिगर या गावांच्या मधे कुठेतरी पोचलो. तिथे कुणी कधी आइसलँडिक माणसाचं नावही ऐकलेलं नाही. पेट्रोल आणि जेवण मिळून ७८ डॉलर, शिवाय अम्मा गाडीत बसून दमल्या.

चूक एका आकड्याची. इथली सगळी माळरानं चौकोनांत मोजली आहेत. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाऊनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचे चार पाव. आजोबांचा असा एक पाव. टाऊनशिप दक्षिणेच्या सरहद्दीपासून उत्तरेकडे मोजतात, रेंज एका ठरावीक रेखावृत्तापासून पश्चिमेकडे. आजोबांच्या हाताचा 'पश्चिम २' मी 'पश्चिम ३' वाचला. दुसरं रेखावृत्त १०२ अंशांवर, तिसरं १०६ वर. त्या एका आकड्याने मी पावणेतीनशे किलोमीटर भलतीकडे गेले.

सेक्शनचे क्रमही एकदा समजून घ्या. १ क्रमांक आग्नेयेच्या कोपऱ्यात, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग वरच्या ओळीत ७ पासून उलट पूर्वेकडे. बांधाशी बैल वळवून परत नांगरत आणतात, अगदी तसं. माझ्या वडिलांना फोनवर सांगितलं तर त्यांना एका वाक्यात कळलं. मला नकाशावर तीन संध्याकाळी लागल्या होत्या.

१८ मे

फाइल आली. १४ पानं. इतक्या दिवसांतली पहिली घट्ट वस्तू.

आजोबांनी १९०५ मध्ये जमिनीवर नाव लावलं, त्याच वर्षी १ सप्टेंबरला सास्काचेवान प्रांत झाला. वय २४. आधीचा पत्ता: गार्दार, पेंबिना काउंटी, नॉर्थ डाकोटा. मालकी मागताना त्यांनी शपथेवर सांगितलेलं: ओंडक्यांचं घर, १४ बाय १८ फूट. पहिल्या वर्षी ६ एकर फोडली, दुसऱ्या वर्षी १५, तिसऱ्या वर्षी आणखी १२. दोन बैल, एक गाय, मग चार गाई. विहीर एक. खाली दोन शेजाऱ्यांच्या साक्षी, दोघंही आइसलँडिक.

पहिल्या वर्षाच्या त्या ६ एकरांपाशी मी बराच वेळ थांबले. ज्या देशातून ही माणसं आली तिथे नांगरट जवळजवळ नव्हतीच. गवत कापायचं, वाळवायचं, त्यावर मेंढरं जगवायची, एवढीच शेती. ज्याच्या बापाला आइसलँड सोडेपर्यंत गहू पेरणं ठाऊक नव्हतं त्या मुलाने कधीही न फुटलेल्या गवताळ जमिनीत बैल घातले.

डाकोटा का सोडलं, तेही यातून उलगडतं. पेंबिना काउंटीतली आइसलँडिक वस्ती १८७८ पासूनची. कॅनडात, विनिपेग सरोवराकाठच्या 'न्यू आइसलँड' या वस्तीत १८७६-७७ च्या देवीच्या साथीत शंभरावर माणसं गेली, मग धर्माचे वाद आणि पूर, त्याला कंटाळून काहीजण सरहद्दीपलीकडे गेले. वीस वर्षांत तिथली चांगली जमीन संपली. धाकट्या पिढीला १० डॉलरमध्ये १६० एकर देणारा मुलूख उत्तरेला होता. गार्दारमधून अनेक घरं अशीच क्विल सरोवरांच्या बाजूला आली आणि तिथल्या वस्तीचं नाव पडलं वात्नाबिग्द, तळ्यांची वस्ती.

२ जून

या वेळी बरोबर जागी. वायनयार्डच्या बाहेर, सास्काटूनहून पूर्वेला दोन तासांवर. घर नाही. विहिरीच्या जागी खड्डा आणि बाजूला लायलॅकची झुडपं रांगेत उभी. अम्मा म्हणाल्या, "रांगेत आहेत म्हणजे कुणीतरी लावली आहेत." झुडपांचं अंतर मी पावलांनी मोजलं: १९ पावलं. फाइलमधल्या १८ फुटांच्या भिंतीपेक्षा जास्त, म्हणजे पुढे दुसरं मोठं घर झालं असणार. आजोबांच्या वहीत १९१२ ला लाकूड आणि खिळ्यांचा खर्च आहे, तो बहुधा त्याचाच.

परतीच्या वाटेवर कंदहार नावाचं गाव लागतं. दुसऱ्या अफगाण युद्धातल्या लढाईवरून ठेवलेलं. वायनयार्डच्या दुसऱ्या बाजूला मोझार्ट. रेल्वेने गावं वसवली आणि नावंही तिनेच दिली. आइसलँडिक माणसांच्या हाती फक्त शेतांची आणि चर्चची नावं राहिली.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आजोबांच्या नोंदीआधी आणखी एक नोंद घातली: ही जमीन सरकारने मूळ रहिवाशांशी केलेल्या १८७४ च्या चौथ्या कराराच्या मुलखातली, क्री आणि सोटो लोकांची. १९०५ पासून सुरुवात केली असती तर इथे आधी कुणी नव्हतंच असा समज झाला असता.

२३ जून

अमेरिकेची १८९० ची जनगणना मिळणार नाही, तिची बहुतेक पानं १९२१ मधल्या आगीनंतर गेली. १८८० च्या जनगणनेनंतर आलेल्या घराण्याला याचा मोठा फटका बसतो. म्हणून थेट १९००.

पेंबिना काउंटी, दोन तासांत घर सापडलं. आडनाव 'जॉन्सन' झालेलं, पण मुलांची वयं जुळतात, आणि येण्याचं वर्ष लिहिलं आहे १८८७.

म्हणजे ज्वालामुखीनंतर तब्बल १२ वर्षांनी. सहा आठवडे कशापायी गेले, ते एका रकान्यात कळलं. १८८७ हे आइसलँड सोडणाऱ्यांचं सर्वांत मोठं वर्ष होतं, एका वर्षात दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, सगळ्या देशाची लोकसंख्या सत्तर-बहात्तर हजार असताना. कारण राख नव्हतं. ती वर्षं थंडीची. १८८२ मध्ये समुद्रातलं बर्फ उन्हाळ्यातही उत्तर किनाऱ्याला लागून राहिलं आणि त्याच वर्षी गोवराची साथ आली. गवत वाढलं नाही की मेंढरं कापावी लागायची, आणि मेंढरं गेली की शेत गेलं. पण नातवंडांना सांगायला थंडी आणि कर्ज यांपेक्षा ज्वालामुखी सोपा.

त्या पानावर आणखी काही आहे. १९०० च्या जनगणनेत प्रत्येक आईला विचारलं होतं: एकूण मुलं किती झाली, हयात किती. पणजीच्या पुढे लिहिलं आहे: ६, हयात ५.

घरात नोंदलेली मुलं ४. अम्मांना माहीत असलेलीही ४.

रकाना चुकीचा भरला असेल म्हणून गावातली आणखी बारा घरं तपासली. त्याच गणनाकाराने इतरांचे आकडे नीट लिहिलेले दिसले. अम्मांना अजून सांगितलं नाही. मार्चनंतर मी त्यांना अर्धवट काही सांगणार नाही असं ठरवलं आहे.

१३ जुलै

पत्रांना हात घातला. अक्षर वळणदार, वाचता येण्याजोगं, पण भाषा परकी. पहिल्या पत्राचा मायना शब्दकोशातून लावला: 'प्रिय भाऊ'. सही फक्त पहिल्या नावाची, तेही बाईचं.

इथे मी माझ्या मराठी कानाने फसले. आपल्याकडे चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, सगळे हाक मारताना भाऊच. घरच्या तक्त्यात आजोबांना बहीण नाही, म्हणून मी हिला चुलतबहीण धरून टाकलं आणि तसं तक्त्यात भरलंही. पेनाने.

५ ऑगस्ट

विनिपेगला गेले. मॅनिटोबा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आइसलँडिक संग्रह आहे, तिथे दोन दिवस बसले, मग विनिपेग सरोवराकाठच्या गिमली गावाला. १८७५ च्या ऑक्टोबरात पहिली माणसं त्याच्याजवळच्या किनाऱ्याला उतरली होती. आमच्या घराण्याचा गिमलीशी संबंध नाही, तरी पाहून आले. एका निवृत्त शिक्षिकेशी ओळख झाली. त्यांनी पत्रांची स्कॅन केलेली पानं पाहायचं कबूल केलं, पैसे घेतले नाहीत.

पहिल्या पत्रावर नजर टाकून त्या म्हणाल्या, "हा शब्द सख्ख्या भावासाठी. चुलतभावाला 'फ्राइन्दी' लिहिलं असतं."

मी विचारलं, "मग फ्राइन्का म्हणजे?"

"रक्ताच्या नात्यातली कुठलीही बाई. आत्या, मावशी, चुलतबहीण, पुतणी, भाची. सगळ्या."

मी तिथेच खुर्चीवर बसले. अम्मांचे वडील त्या मुलीला फ्राइन्का म्हणत होते, कारण त्यांच्या भाषेत हाक मारताना तोच शब्द वापरतात. मराठीत त्यांनी आत्या म्हटलं असतं, आणि मग हे नातं साठ वर्षं हरवलं नसतं.

प्रवास, राहणं, प्रती मिळून ६४० डॉलर. या कामातला सर्वांत मोठा खर्च, आणि सर्वांत उपयोगी.

१ सप्टेंबर

शेताचं नाव मिळालं, चौथ्या पत्रात. उत्तरेला स्कागाफ्योर्दुरच्या बाजूचं. आता तिकडची वही उघडायचा अधिकार आला.

चर्चच्या वहीचं अक्षर पत्रांसारखं नाही, जुनं, तिरकं, सगळी अक्षरं एकाच टाकात ओढलेली. पहिल्या दिवशी एक ओळही लागली नाही. वीस वर्षांपूर्वी पुण्यात मी मोडीचा वर्ग केला होता. तिथे शिकवलेलं एवढंच आठवलं: ओळ वाचायला जाऊ नका, आधी मजकुरात जे नक्की असणार ते शोधा. मायना, तारीख, गावाचं नाव. त्यातून त्या लिहिणाऱ्याची बाराखडी बनवा. इथेही तेच केलं. शेताचं नाव माहीत होतं, त्यातून सात अक्षरं मिळाली. महिन्यांतून आणखी नऊ. तिसऱ्या संध्याकाळी पाद्र्याचं अक्षर लागलं.

८ सप्टेंबर

सहा मुलं मिळाली नाहीत, चारच मिळाली, कारण शेवटची दोन डाकोटात जन्मलेली. इथली चार अशी: मुलगा १८८१ (आजोबा), मुलगी १८८३, मुलगा १८८५, मुलगा १८८६.

१८८५ चा मुलगा जन्मला सप्टेंबरात आणि गेला ऑगस्टमध्ये, असं मी वाचलं. अर्थात अशक्य. दोन तास पान उलटसुलट पाहिलं. महिना '८बेर' असा लिहिला होता, मी आठवा महिना म्हणून ऑगस्ट धरला. तो ऑक्टोबर आहे. लॅटिनमध्ये ऑक्टो म्हणजे आठ, सेप्टेम म्हणजे सात. ७बेर सप्टेंबर, ८बेर ऑक्टोबर, ९बेर नोव्हेंबर, १०बेर डिसेंबर. हे कागदावर लिहून पडद्याला चिकटवा. मी आधीच्या तीन नोंदींत हीच चूक केली होती, त्या सुधारल्या.

बाळ पाच आठवडे जगलं.

१४ सप्टेंबर

पाद्री दरवर्षी घरोघर फिरून कोण राहतं, वय काय, वाचता येतं का, हे लिहून ठेवायचा. गाव सोडून जाणाऱ्यांची यादी वेगळी. १८८७ च्या त्या यादीत: पणजोबा, पणजी, मुलगा ६ वर्षं, मुलगा १ वर्ष. पुढे 'अमेरिकेला'.

चार वर्षांची मुलगी यादीत नाही. पुढच्या मृत्यूंमध्येही नाही.

१५ सप्टेंबर

आइसलँडची १८९० ची जनगणना शाबूत आहे. ती मुलगी तिसऱ्या शेतावर सापडली. वय ७, आईबापांचं नाव बरोबर, नात्याच्या रकान्यात 'तोकुबार्न'. म्हणजे घरात घेतलेलं दुसऱ्याचं मूल. पंचायतीच्या खर्चाने वाटून दिलेल्या निराधारांसाठी वेगळा शब्द असतो, तो इथे नाही. कुणीतरी तिला आपणहून घेतलं होतं.

मागे का ठेवली, ते कुठल्याही रकान्यात नाही.

२९ सप्टेंबर

पत्रांची भाषांतरं आली. पहिलं पत्र १८९८ चं, शेवटचं १९२६ चं. पाण्याची, गवताची, मेंढरांच्या वजनांची पत्रं. पहिल्यात त्या मागे राहिलेल्या मुलीने फोटो पाठवत असल्याचं लिहिलं आहे. तक्रार एकाही पत्रात नाही. सहाव्यात एक प्रश्न आहे: आईचे केस अजून काळे आहेत का.

शिक्षिकेने त्या ओळीखाली काही लिहिलं नव्हतं, फक्त रेघ मारली होती.

१२ ऑक्टोबर

आणखी एक पुरावा हवा होता, या बाजूचा. विनिपेगहून निघणारी दोन आइसलँडिक साप्ताहिकं होती, १८८६ पासून 'हेइम्सक्रिंग्ला' आणि १८८८ पासून 'लोगबेर्ग'. दोन्ही अंक न् अंक स्कॅन होऊन फुकट शोधता येतात. त्यांत मृत्युलेख लांबलचक असतात, जन्मापासून.

उन्हाळ्यात मी पणजीचं नाव टाकून पाहिलं होतं, शून्य. आज कारण कळलं. आइसलँडिकमध्ये माणसांच्या नावांनाही विभक्ती लागते. यंत्राला कोल्हापूर शोधायला सांगितलं आणि छापलं आहे 'कोल्हापुरात', तर ते कुठून सापडणार. नावाची चारही रूपं एका संकेतस्थळावरून उतरवून घेतली आणि एकेक टाकली. तिसऱ्या रूपाला १९३१ चा लेख मिळाला.

मुलांच्या यादीत शेवटची ओळ: 'आणि एक मुलगी, आइसलँडमध्ये.'

म्हणजे १९३१ मध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, छापूनही आलं होतं. ते कुणी लपवलं नव्हतं. पुढच्या पिढीला ती भाषा वाचता येईना, म्हणून गेलं.

२० ऑक्टोबर

अम्मांना सांगितलं. पाच कागद एका ओळीत मांडले: १९०० ची गणना, गाव सोडणाऱ्यांची यादी, १८९० ची गणना, पत्र, मृत्युलेख. मी बोलले कमी, त्यांनीच एकेक वाचत नेलं. मग आक्युरेरीच्या फोटोतल्या मुलीकडे बघत बसल्या.

"बाबांच्या आत्याला फोटोत आई नाही," एवढं म्हणाल्या. आत्या हा शब्द मी त्यांना सकाळीच सांगितला होता.

थोड्या वेळाने मऊ पेन्सिल मागितली आणि फोटोच्या मागे तिचं नाव स्वतः लिहिलं, बापाच्या नावाला दोत्तिर लावून, जसं तिने लिहिलं असतं तसं.

१० नोव्हेंबर

खर्चाची बेरीज: विनिपेग ६४०, चुकीची फेरी ७८, बरोबर फेरी ६१, आम्लविरहित डबे आणि पाकिटं ११२, प्रती आणि टपाल ५४. एकूण ९४५ डॉलर. वेळ साधारण २६० तास, त्यातले ७० तरी चुका करण्यात आणि निस्तरण्यात.

ट्रंक परत तळघरात ठेवलेली नाही. तळघरात उन्हाळ्यात ओल येते. ती आता वरच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, शेगडीपासून दूर.

आत्याच्या पुढच्या घराण्याचा शोध अजून व्हायचा आहे. १९२६ च्या पत्रात तिने मुलाला शाळेत घातल्याचं लिहिलं आहे. आइसलँडची वंशावळीची मोठी नोंदवही त्यांच्या नागरिक क्रमांकाशिवाय उघडत नाही, म्हणून शिक्षिकेच्या ओळखीतून तिथल्या एकांना लिहिलं आहे.

तक्त्याचं काम राहिलं होतं. मी सगळ्या फाइलींना भावंडांच्या क्रमाने आकडे दिले होते: आजोबा १, त्यांच्या पाठचा भाऊ २, मग ३, ४. आता क्रमांक २ आत्याचा, ३ पाच आठवडे जगलेल्या बाळाचा. बाकी सगळे दोन-दोनने खाली सरकले. १४६ फाइलींची नावं बदलावी लागली, आणि पेनाने लिहिलेला तक्ता पुन्हा काढावा लागला. दोन संध्याकाळी गेल्या. नवा तक्ता अम्मांच्या फ्रिजवर आहे.